शुभ्रा दुबळी का झाली? दैनंदिन मालिकेतील खंबीर नायिकेची पार्श्वभूमी

‘अग्गंबाई सासूबाई’ या झी मराठीवरील मालिकेतील शुभ्रा मार्च २०२१ मध्ये ‘अग्गंबाई सूनबाई’ या पुढच्या मालिकेत परतली, तेव्हा ती ओळखू येईना. अभिनेत्री बदलली होती, तेजश्री प्रधान यांच्या जागी उमा पेंढारकर आल्या होत्या. पण मूळ तक्रार त्या बदलाची नव्हती. जुलै २०१९ पासून प्रेक्षकांनी पाहिलेली शुभ्रा ही आपल्या विधवा सासूच्या, आसावरीच्या, सुखाचा विचार तिच्या पोटच्या मुलाआधी, म्हणजे आपला नवरा सोहम याच्याआधी करणारी, आजोबांच्या जरबेपुढेही आपले म्हणणे मांडणारी आणि अखेर अभिजित राजे यांच्याशी सासूचे लग्न लावून देणारी सून होती. नव्या मालिकेत तीच शुभ्रा नोकरी सोडून घर आणि मूल यांत बुडालेली, नवऱ्याने केलेला अपमान मुकाट्याने गिळणारी, स्वतःवरचा विश्वास गमावलेली दिसली. घर सांभाळण्यात कमीपणा मुळीच नाही. खटकले ते हे, की आधीची शुभ्रा कोणत्या वळणावर हरवली, हे पटेल अशा रीतीने दाखवलेच गेले नाही.

सोलापुरात ही निराशा अधिक बोचरी होती, असे मला वाटते, आणि त्याचे कारण या शहराच्या घडणीत आहे. कापड गिरण्या बंद पडत गेल्या, तशी पूर्व भागातील कितीतरी घरे यंत्रमागाच्या जोडीने बायकांच्या विडीवर उभी राहिली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, आणि हजार विड्यांवर ठरणारी मजुरी, असा हा दिवस असतो. हात कामात गुंतलेले असले तरी कान मालिकेकडे देता येतात. कुंभारीच्या माळावर २००६ मध्ये विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, ती याच बायकांनी वर्षानुवर्षे लावून धरलेल्या मागणीतून. मिळवत्या बाईलाही घरात गप्प बसावे लागते, हे या प्रेक्षकांना कुणी शिकवायला नको. पण एकदा बोलू लागलेली बाई काही कारण न घडता पुन्हा मुकी होते, हे त्यांच्या अनुभवात बसत नाही.

शुभ्राचे असे का झाले, हे समजायला खंबीर नायिकांच्या वाटचालीकडे थोडे मागे वळून पाहावे लागते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर एका तपाने, १९८५ मध्ये, प्रिया तेंडुलकर यांची ‘रजनी’ ही हिंदी मालिका आली. रजनी ही साधी गृहिणी होती, पण गॅस सिलिंडरवाल्यापासून सरकारी कचेरीपर्यंत कुणाचीही अरेरावी ती खपवून घेत नसे. १९८९ च्या ‘उडान’मध्ये कविता चौधरी यांनी आपली बहीण कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या पोलीस सेवेतील वाटचालीवरून कल्याणीची कथा उभी केली. या मालिका आठवड्यातून एकदा दिसत आणि त्यांना शेवट असे. पुढे मराठीत ‘दामिनी’ ही दैनंदिन मालिका आली, तरीही प्रतीक्षा लोणकर यांनी रंगवलेली ही पत्रकार नायिका खंबीर राहू शकली. माझ्या मते याचे कारण असे, की तिचा झगडा मुख्यतः घराबाहेरच्या अन्यायाशी होता. एक प्रकरण धसास लागले की दुसरे उभे करता येई आणि प्रत्येक वेळी तिचे धैर्यच कथा पुढे नेई.

खरा बदल झाला तो संघर्ष घरात आल्यावर. १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी आली आणि ‘आभाळमाया’तील सुधा जोशी ही संसारातल्या फसवणुकीला सामोरी जाणारी प्राध्यापिका घराघरांत पोहोचली, पण तिच्या दुःखाला विचारांची बैठक होती. जुलै २००० मध्ये हिंदीत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि सासू-सुनेचा साचा सर्वच भाषांत पसरला. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ने तर ३,००० भागांचा टप्पा ओलांडला.

एकाच घरात, त्याच सात-आठ माणसांत, शेकडो भाग घडवायचे असतील, तर अन्याय झाल्या दिवशीच त्याचा जाब विचारणारी नायिका लेखकाची अडचण ठरते. तिने खरे सांगून टाकले की तो ट्रॅक तिथेच संपतो. म्हणून ती सांगत नाही, पुरावा हाती असून गप्प राहते, आणि तिच्या मौनावर आठवडे काढले जातात. त्यात २०१५ पासून बार्क या संस्थेचे टीआरपीचे, म्हणजे मालिका किती जण पाहतात याचे, आकडे दर आठवड्याला हाती येऊ लागले. चित्रीकरण झालेल्या भागांचा साठा मोजकाच असतो, त्यामुळे आकडा घसरला की कथेची दिशा बदलणे शक्य असते आणि ती बदललीही जाते. टीव्ही संच चालू आहे आणि समोर कोण बसले आहे, एवढे हे आकडे मोजणाऱ्या यंत्राला कळते. पाहणारी बाई प्रसन्न आहे की चिडलेली, हे कळत नाही.

शुभ्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. पहिल्या मालिकेत सोसणारी व्यक्ती आसावरी होती, म्हणून शुभ्राला तिच्या बाजूने उभे राहता आले. पुढच्या मालिकेत आसावरी स्वतः व्यवसायाची सूत्रे हाती घेतलेली कर्तबगार स्त्री झाली, हे निवेदिता सराफ यांच्या भूमिकेचे सुंदर फलित होते. पण त्यामुळे सोसणारीची जागा रिकामी झाली आणि लेखनाने तिथे शुभ्राला नेऊन बसवले. ऑगस्ट २०२१ मध्ये, अवघ्या पाच महिन्यांत, मालिका संपली. त्या काळात कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रातील चित्रीकरणही थांबले होते, तेव्हा सारा दोष एका व्यक्तिरेखेवर टाकणे अन्यायाचे होईल. तरीही दोघीही खंबीर ठेवून कथा रचता आली असती. बाहेरख्याली सोहमला आई म्हणून सावरायचे की बायको म्हणून दाराबाहेर काढायचे, यावर आसावरी आणि शुभ्रा यांचे मनापासून दुमत होऊ शकले असते, आणि दोघींचेही म्हणणे प्रेक्षकांना आपापल्या जागी पटले असते.