मोजण्यासाठी घडलेले डासांचे सापळे घरात कसे आले

चीनच्या आमॉय बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरांना १८७७ साली रक्त प्यायलेले डास हवे होते, आणि तेही हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींनी बाधित झालेल्या माणसाचेच रक्त प्यायलेले. त्यासाठी त्यांनी डासांची एक खोलीच तयार केली. बाधित माळ्याला रात्री आत झोपवायचे, शेजारी दिवा ठेवायचा, दार अर्धा तास उघडे ठेवायचे आणि मग दिवा मालवून दार लावून घ्यायचे, अशी ती पद्धत होती. सकाळी भिंतींवर रक्ताने फुगलेले डास बसलेले मिळत. आज घरोघरी प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून जे सापळे केले जातात, त्यांची सारी मूलतत्त्वे या खोलीत आढळतात: डासाला आवडणारे काहीतरी आत ठेवणे, आत येण्याची वाट सोपी करणे आणि बाहेर जाण्याची वाट बंद करणे.

मात्र मॅन्सन यांना डास मारायचे नव्हते, मिळवायचे होते, आणि हा फरक पुढच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या इतिहासात कायम राहिला. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले आणि १९०० मध्ये क्यूबात वॉल्टर रीड यांच्या पथकाने पीतज्वर डासांमुळे पसरतो हे सिद्ध केले. त्यानंतर कोणत्या गावात कोणत्या जातीचे किती डास आहेत, हा आरोग्य खात्यांपुढचा रोजचा प्रश्न झाला. डासांचा नायनाट साचलेले पाणी हटवून, तेल फवारून आणि खिडक्यांना जाळ्या बसवून केला जात असे. सापळा होता तो मोजदादीसाठी. घरगुती सापळ्यांबद्दल आज जी निराशा ऐकू येते, तिचे मूळ माझ्या मते येथेच आहे. मोजण्यासाठी घडवलेल्या साधनाकडून आपण संहाराची अपेक्षा करतो. दहा डास सापडले तर मोजणाऱ्याचे काम होते. झोपणाऱ्याला मात्र उरलेला अकरावा चावतो.

मोजदादीच्या या परंपरेतील पहिले प्रमाणित यंत्र म्हणजे १९३२ मध्ये थॉमस हेडली यांनी विकसित केलेला ‘न्यू जर्सी’ प्रकाश-सापळा. छताखाली विजेचा दिवा, त्याखाली पंखा आणि तळाशी विषारी बरणी अशी त्याची रचना होती. दिव्याकडे आलेला कीटक पंख्याच्या झोताने खाली ओढला जाई. हे यंत्र जड होते आणि जवळ विजेची सोय नसेल तर निरुपयोगी होते. म्हणून १९६२ मध्ये अमेरिकेच्या साथरोग नियंत्रण केंद्रातील सुडिया आणि चेंबरलेन यांनी बॅटरीवर चालणारा छोटा, हलका सापळा तयार केला, जो पुढे जगभर वापरला गेला. प्रकाशाची मर्यादा मात्र दोन्हींत होती, कारण दिव्याकडे डासांपेक्षा इतर कीटकच अधिक येतात. अंगणात टांगल्या जाणाऱ्या, निळसर प्रकाशाच्या विजेच्या कीटकनाशक दिव्यांची तपासणी अमेरिकेतील डेलावेअरमध्ये झाली, तेव्हा मेलेल्या १३,७८९ कीटकांपैकी माणसाला चावणारे केवळ ३१ निघाले. उरलेल्यांत अनेक निरुपद्रवी आणि उपयुक्त कीटक होते. प्रकाश हेच मुख्य आमिष असलेला घरगुती सापळा करण्यापूर्वी हा आकडा लक्षात ठेवावा, असे मला वाटते.

प्रकाशापेक्षा खात्रीचे आमिष म्हणजे श्वास. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडकडे डास खेचले जातात, हे विलेम रुडॉल्फ्स यांनी १९२२ मध्ये न्यू जर्सीतच प्रयोगांती नोंदवले होते. माद्यांच्या तोंडाजवळील स्पर्शकांवर या वायूची चाहूल घेणाऱ्या पेशी असतात. वायूचा झोत लागला की मादी वाऱ्याच्या उलट दिशेने उडू लागते, आणि जवळ आल्यावर त्वचेचा गंध, ऊब व गडद आकृती यांच्या आधारे नेमकी जागा शोधते. कार्बन डायऑक्साइड गोठवलेल्या स्वरूपात, म्हणजे ड्राय आइस म्हणून, सापळ्याजवळ ठेवला तर डास कितीतरी अधिक सापडतात, हे संशोधकांना पुढे दिसून आले. परंतु ड्राय आइस महाग असतो, लवकर उडून जातो आणि शहरांपासून दूर सहज मिळत नाही. साखरेवर यीस्ट वाढवून तोच वायू मिळवण्याची कल्पना या अडचणीतून पुढे आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आफ्रिकेतील हिवताप पसरवणारा ‘अॅनोफिलिस गॅम्बी’ हा डासही यीस्टच्या वायूकडे आकर्षित होतो, असे दिसून आले.

दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली कापून तिचे वरचे तोंड उलटे आत बसवायचे, खाली कोमट पाण्यात गूळसर साखर आणि चिमूटभर यीस्ट घालायचे आणि बाहेरून काळा कागद गुंडाळायचा, ही बहुपरिचित कृती याच विचारातून आलेली आहे. तिचा आकार मात्र डासांच्या अभ्यासातून आलेला नाही. आत रुंद तोंडाने शिरावे आणि अरुंद भोकातून परतता येऊ नये, ही युक्ती मासे धरण्याच्या टोपल्यांत फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात माश्या आणि गांधीलमाश्यांसाठी गोड पाणी घातलेल्या काचेच्या बाटल्याही अशाच केलेल्या असत. माशी गोडासाठी येते आणि द्रवापर्यंत जातेच. रक्ताच्या शोधात असलेली डासाची मादी मात्र श्वासाच्या मागावर येते आणि तेथे शरीर नाही हे कळताच भोकात न शिरता निघून जाऊ शकते. प्रयोगशाळेतील यीस्टचे सापळे यशस्वी ठरले, त्यांत वायू नळीने बाहेर सोडलेला होता आणि डासांना आत ओढणारा पंखा होता. घरगुती कृतीत नेमका हा पंखाच गळून पडला आहे.

वायूच्या प्रमाणाचा हिशोबही करून पाहण्यासारखा आहे. प्रचलित कृतीत सुमारे ५० ग्रॅम साखर सांगितलेली असते. साखरेचे पूर्ण किण्वन झाले तर तिच्या वजनाच्या साधारण निम्मा, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तोही काही दिवसांत थोडा थोडा बाहेर पडतो. प्रौढ माणूस एका दिवसात जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे सोडतो. ज्या खोलीत माणूस झोपलेला आहे तेथे ही बाटली ठेवणे म्हणजे मोठ्या आमिषाशेजारी अगदी लहान आमिष ठेवणे होय. यीस्टचे शास्त्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. बाटलीवर टाकलेला भार तिला पेलणारा नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

घरी करता येण्याजोग्या सापळ्यांची दुसरी परंपरा मला अधिक आशादायक वाटते. ती मादीच्या भुकेवर नव्हे, तर अंडी घालण्याच्या गरजेवर आधारलेली आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत डेंगी व पीतज्वर पसरवणाऱ्या ‘एडिस इजिप्ती’ डासाच्या निर्मूलनाची मोहीम चालू असताना फे हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळा रंग दिलेली काचेची बरणी वापरात आणली. तिच्यात थोडे पाणी आणि एक खरखरीत पट्टी एवढेच असे. ही मादी पाण्यावर नव्हे, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर ओलसर, खडबडीत पृष्ठभागावर अंडी चिकटवते, त्यामुळे पट्टी काढून अंडी मोजली की परिसरात डास आहे की नाही हे कळत असे. हेही मोजण्याचेच साधन होते. पण भाग असा, की बरणी वेळेवर रिकामी केली नाही तर मोजणाराच डास वाढवू लागतो. पनामा कालव्याच्या फ्रेंच कामाच्या काळात, १८८०च्या दशकात, रुग्णालयातील खाटांचे पाय मुंग्यांपासून बचावासाठी पाण्याच्या वाट्यांत ठेवत असत, आणि त्याच वाट्यांत डासांच्या अळ्या वाढत होत्या. पाण्याचे भांडे सापळा आहे की पाळणा, हे केवळ त्याच्या देखभालीवर ठरते.

ही देखभाल भांड्याच्या रचनेतच बसवावी, असा प्रयत्न १९७०च्या दशकात सिंगापूरमध्ये झाला. तेथील सापळ्यात तरंगती जाळी होती. अंड्यांतून निघालेल्या अळ्या जाळीखाली जात आणि त्यांतून पूर्ण वाढलेले डास वर येऊ शकत नसत. विमानतळाच्या परिसरात त्याचा उपयोग करण्यात आला. ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या संघीय विद्यापीठाशी संबंधित माउलोरी काब्राल यांनी प्रसार केलेला ‘मॉस्किटेरिका’ हा सापळा याच तत्त्वाचे सर्वांत घरगुती रूप आहे. त्यातही कापलेली प्लॅस्टिकची बाटली आणि उलटे बसवलेले नरसाळेच असते, पण यीस्ट नसते. नरसाळ्याच्या तोंडाला बारीक जाळीचे कापड बांधतात, आतली बाजू सँडपेपरने खरखरीत करतात आणि तळाशी तांदळाचे किंवा पक्ष्यांच्या खाद्याचे चुरडलेले दाणे टाकतात. त्यांमुळे पाण्यात सूक्ष्मजीव वाढतात. नवजात अळी अन्नाच्या ओढीने जाळीतून खाली उतरते, तेथे मोठी होते आणि मग तीच जाळी तिला परत वर येऊ देत नाही. एकच बाटली, तेच नरसाळे. पण येथे मादीच्या मूळ स्वभावाविरुद्ध काहीही अपेक्षिलेले नाही, म्हणून ही रचना मला अधिक प्रामाणिक वाटते.

संख्येचा प्रश्न मात्र येथेही सुटत नाही. एका मादीने एका बाटलीत अंडी घातली तरी शेजारची कुंडी किंवा पिंप तिला उपलब्ध असतेच, आणि ‘एडिस इजिप्ती’ ही जात आपली अंडी एकाहून अधिक ठिकाणी विभागून घालते. प्वेर्तो रिकोमध्ये काळ्या बादल्यांच्या चिकट सापळ्यांचा प्रयोग झाला, तेव्हा वस्तीतील बहुतेक घरांत प्रत्येकी तीन सापळे लावले गेले आणि ते काही महिने टिकवले गेले. डासांची संख्या त्यानंतरच लक्षणीयरीत्या घटली.

ग्वाटेमालातील सायाश्चे या गावी वापरलेला टायरचा सापळाही याच मालिकेतील आहे. जुन्या टायरमधील पावसाचे पाणी डासांना फार मानवते. ‘एडिस अल्बोपिक्टस’ ही आशियाई जात १९८५ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथे आढळली, तिचा प्रवेश आयात केलेल्या वापरलेल्या टायरांशी जोडला जातो. कॅनडाच्या लॉरेन्शियन विद्यापीठातील जेरार्डो उलिबारी यांच्या पथकाने टायरचे दोन तुकडे ओठांसारखे एकावर एक बसवले, खाली तोटी जोडली आणि आत अंड्यांसाठी पट्ट्या ठेवल्या. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या अहवालानुसार अशा ८४ सापळ्यांतून दरमहा १८,१०० हून अधिक अंडी नष्ट करण्यात आली, तर तेवढ्याच नेहमीच्या सापळ्यांतून सुमारे २,७०० अंडी मिळाली. आठवड्यातून दोनदा पट्ट्या काढून घेतल्या जात, तोटीतून पाणी कापडाने गाळून घेतले जाई आणि तेच पाणी पुन्हा टायरमध्ये ओतले जाई, कारण अंडी घातल्याची रासायनिक खूण त्या पाण्यात राहते आणि पुढच्या माद्यांना तीच बोलावते.