दुपारी मासे वर येतात?

मे महिन्यात गंगापूर धरणावर घरच्यांना, मित्रांना घेऊन गळ टाकायला निघालं की कुणीतरी काका सांगतातच, "भर दुपारी चला, पाणी तापलं की मासे वर येतात." खरं तर उलटं आहे. पाणी तापतं तसा त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५. रोहूसारखे मासे मग दुपारी काठ सोडून खोल पाण्यात, सावलीत सरकतात. गळाला लागायची वेळ पहाट, नाहीतर तिन्हीसांज. घोटाळा बहुधा मरळीमुळे झाला असावा. ती हवेतून श्वास घेते, म्हणून भर उन्हातही वर येताना दिसते. बाकीचे मासे घोळक्याने वर येऊन आ वासत असतील, तर ते भुकेनं नव्हे, गुदमरून. तेव्हा कणकेच्या गोळ्या कशाला वाया घालवायच्या?