कॅरेक्टर एलसीडीचा ड्रायव्हर : बिझी फ्लॅग की ठरावीक डिले?

अक्षरं दाखवणारा छोटा डिस्प्ले म्हणजे कॅरेक्टर एलसीडी; तो चालवणाऱ्या एचडी४४७८० या कंट्रोलर चिपची रचना १९८०च्या दशकातली. तेव्हा डिस्प्ले थेट मायक्रोप्रोसेसरच्या बसवर बसायचा, त्यामुळे आर/डब्ल्यूची (वाचायचं की लिहायचं ते ठरवणारी) वायर जोडलेलीच असे. कमांड लिहायची, डी७ या डेटा लाइनवरचा बिझी फ्लॅग (चिप अजून कामात असल्याची खूण) ० होईपर्यंत थांबायचं, मग पुढची कमांड.

मायक्रोकंट्रोलर आले आणि पिना मोजून वापरायची वेळ आली. आठ डेटा आणि तीन कंट्रोल मिळून ११ पिना लागत. चार बिटांचा मोड (बाइट दोन अर्ध्यांत पाठवणं) घेऊन आर/डब्ल्यू ग्राउंड केली, म्हणजे फक्त लिहिण्यापुरती ठेवली, की ६ पिनांत भागतं. पुढे ३.३ व्होल्टच्या बोर्डांनी ही सवय पक्की केली. वाचताना ५ व्होल्टचा डिस्प्ले डेटा लाइनवर ५ व्होल्ट सोडतो आणि बोर्डाच्या पिनला ते सोसत नाहीत. वाचणंच बंद झाल्यामुळे फ्लॅग गेला, ठरावीक वेळ थांबण्याचा डिले उरला.

मग डिले किती? घोळ इथेच आहे. काही तक्त्यांत ३७ मायक्रोसेकंद आणि १.५२ मिलिसेकंद सापडतात, काहींत ४० आणि १.६४. दोन्ही बरोबर आहेत, कारण मुळात हे आकडे वेळेचे नाहीतच, चिपच्या क्लॉकच्या ठोक्यांचे आहेत. साधी कमांड सुमारे १० क्लॉक घेते आणि रिटर्न होम (कर्सर पहिल्या जागी नेणारी कमांड) सुमारे ४१०. पहिली जोडी २७० किलोहर्ट्झची, दुसरी २५०ची. हा क्लॉक देणारा अंतर्गत ऑसिलेटर मात्र १९० ते ३५० किलोहर्ट्झमध्ये कुठेही असू शकतो. १९० धरला तर साधी कमांड ५३ मायक्रोसेकंद घेते आणि होम २.१६ मिलिसेकंद. मूळ डेटाशीटच्या तक्त्यात क्लियर या डिस्प्ले पुसणाऱ्या कमांडसमोरचा वेळेचा रकाना कोराच आहे; तिथे होमइतकाच वेळ धरावा.

हौशी मंडळींच्या सर्वाधिक वापरातल्या लायब्ररीत साध्या कमांडला १०० मायक्रोसेकंद आहेत, ते पुरेसे आहेत. क्लियरला २००० आहेत, ते संथ मॉड्यूलला अपुरे पडतात. मग क्लियरनंतरचं पहिलं अक्षर गायब होतं. चार बिटांच्या मोडमध्ये अर्धाच बाइट हुकला तर पुढचा सगळा मजकूर कचरा होतो. ५ व्होल्टसाठी क्लॉकचा वेग ठरवणारा ९१ किलोओहमचा रेझिस्टर लावलेलं मॉड्यूल ३ व्होल्टवर चालवलं की क्लॉक मंदावतो आणि हा दोष हमखास वर येतो. लिनक्स कर्नलच्या जुन्या ड्रायव्हरात क्लियरनंतर १५ मिलिसेकंद थांबत. ते जास्त वाटतात, पण क्लियर क्वचितच लागतं. ३ मिलिसेकंदांखाली जाऊ नये.

आर/डब्ल्यू जोडलेली असेल तर फ्लॅगच वाचावा, हे निःसंशय. मात्र चार बिटांत वाचतानाही ई ही डेटा घेण्या-देण्याचा इशारा देणारी लाइन दोनदा हलवावी लागते. दुसरी पल्स विसरली की निबलचा (अर्ध्या बाइटचा) मेळ तुटतो. डिस्प्ले निघालेला असला तर पुल-अपमुळे (लाइन वर ओढून धरणाऱ्या रेझिस्टरमुळे) डी७ वर १ दिसू शकतो आणि ड्रायव्हर कायमचा अडकतो, म्हणून ५ मिलिसेकंदांचा टाइमआउट हवाच. शिवाय डिस्प्ले सुरू करताना द्यायच्या तीन ०x३० कमांडच्या वेळी फ्लॅग वाचता येत नाही, तिथे ४.१ मिलिसेकंद आणि १०० मायक्रोसेकंद थांबावंच लागतं.

अलीकडच्या पीसीएफ८५७४ बॅकपॅकवर (डिस्प्लेच्या मागे बसणाऱ्या, आय-टू-सी या दोन वायरींच्या बसवर चालणाऱ्या छोट्या बोर्डावर) आर/डब्ल्यू पुन्हा जोडलेली असते, तरी फ्लॅग फारसं कुणी वाचत नाही. १०० किलोहर्ट्झच्या आय-टू-सीवर एक बाइट ९० मायक्रोसेकंद घेतो, त्यामुळे साध्या कमांडचा डिले आपोआप भरून निघतो. क्लियर आणि होमचा मात्र निघत नाही.