दोष औषधाचा की जंतूचा? मुलांमधल्या एका विकाराची पार्श्वभूमी

मूल आठवडाभर ताप-खोकल्याने बेजार असतं. मग ओठ सुजून त्यांवर रक्ताळलेल्या खपल्या धरतात आणि तोंड इतकं सोलवटतं की थुंकी गिळणंही नकोसं होतं. डोळे लाल होऊन चिकटतात, लघवीला आग होते. अंगावर मात्र चार-दोन फोड, कधी तेवढेही नाहीत. मायकोप्लाझ्मा न्यूमोनिये या जंतूच्या संसर्गानंतर होणाऱ्या या विकाराला वेगळा आजार मानावं, असा प्रस्ताव आला तो थेट २०१५ मध्ये. तोवर तो स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम या, मुख्यतः औषधांमुळे होणाऱ्या दुसऱ्याच आजाराच्या नावाखाली नोंदला जात होता.

१९२२ मध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी ७ आणि ८ वर्षांच्या दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. ताप, तोंड आलेलं, डोळ्यांचा तीव्र दाह, अंगभर पुरळ. आधीच्या डॉक्टरांनी दोघांनाही रक्तस्रावी गोवर झाल्याचं ठरवलं होतं. तेव्हा जंतूंवरची सल्फा औषधं वापरात यायची होती. तरीही पुढे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हटलं की सल्फा, फिट्सच्या गोळ्या अशी औषधांचीच यादी डॉक्टरांना कारण म्हणून आठवू लागली. त्या दोन मुलांना संसर्गच झाला असेल का, ही शंका मला रास्त वाटते, पण आता ती तपासता येणार नाही.

मायकोप्लाझ्मा जंतूची ओळख पटायलाही वेळ लागला. १९४४ मध्ये मन्रो ईटन यांना तो सापडला. बारीक गाळण्यांतून तो निसटायचा, म्हणून बरीच वर्षं त्याला विषाणूच समजलं गेलं. १९६२ मध्ये चॅनॉक, हेफ्लिक आणि बॅराइल यांनी तो जिवंत पेशींशिवाय वाढवून दाखवला आणि तो जीवाणू ठरला. पेनिसिलिन जिच्यावर घाव घालतं ती पेशीभोवतीची भिंत (पेशीभित्तिका) त्याला नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही.

स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम आणि तशा आजारांच्या १९९३ च्या वर्गीकरणात त्वचा किती टक्के सुटते आणि फोड कसे दिसतात, यावर भर होता. ज्या मुलांचं दुखणं मुख्यतः श्लेष्मल त्वचेत, म्हणजे तोंड, डोळे यांच्या ओलसर अस्तरात होतं, ती त्यात नीट बसत नव्हती. वेगळ्या आजाराचा प्रस्ताव मांडणाऱ्या कॅनव्हन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशा २०२ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या. सरासरी वय सुमारे १२ वर्षं, दोन तृतीयांश मुलगे. ९४ टक्क्यांना तोंडाचा आणि ८२ टक्क्यांना डोळ्यांचा त्रास होता, तर सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या अंगावर पुरळच नव्हतं. बहुतेक पूर्ण बरे झाले.

आजार औषधाने झाला की जंतूने, हा फरक कळणं फार गरजेचं होतं. तापासाठी मुलाने काही ना काही औषध घेतलेलं असतंच. सगळा दोष त्यावर गेला की ते औषध जन्मभर वर्ज्य होतं आणि खरा जंतू शोधायचा राहून जातो. क्लॅमिडिया न्यूमोनिये हा दुसरा जीवाणू आणि काही विषाणू यांच्यामुळेही असंच चित्र दिसतं, हे लक्षात आल्यावर पुढच्या काही वर्षांत व्याख्या आणखी रुंदावली. त्यामुळे आता अशा मुलाच्या घशाचा स्वॅब लवकर पीसीआरसाठी पाठवतात आणि नेत्रतज्ज्ञांना सुरुवातीलाच बोलावतात, कारण डोळ्यांत राहिलेले व्रण नजर कायमची अधू करू शकतात.