गाईडने दिलेला विषय

लायनस पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ, रक्तरोगांचे डॉक्टर नव्हेत. १९४५ साली डॉ. विल्यम कॅसल यांच्याकडून त्यांनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयी ऐकले: रोग्याच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात, ऑक्सिजन मिळाला की पुन्हा गोल होतात. पॉलिंग यांना वाटले, दोष पेशीत नसून तिच्यातल्या हिमोग्लोबिनच्या रेणूतच असणार.

हा अंदाज त्यांनी सोपवला हार्वे इटानोकडे. जपानी वंशाचा हा अमेरिकन मुलगा १९४२ साली बर्कली विद्यापीठात पहिला आला, पण पदवीदानाला जाऊ शकला नाही. युद्धकाळात जपानी वंशाच्या नागरिकांना सरकारने छावण्यांत डांबले होते, त्यांत तोही होता. तिथून बाहेर पडून तो डॉक्टर झाला आणि १९४६ मध्ये पीएच.डी.साठी कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या संस्थेत पॉलिंग यांच्याकडे आला.

सुरुवातीला बराच काळ हाती काही ठोस लागले नाही. निरोगी आणि रोगी हिमोग्लोबिन बहुतेक चाचण्यांत सारखेच दिसे. पण विषय बदलला नाही. उलट जोनाथन सिंगर हा तरुण संशोधक सोबतीला आला आणि इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विद्युतक्षेत्रात रेणू कसे सरकतात ते पाहण्याचे तंत्र, कामी आले. दोन्ही हिमोग्लोबिन वेगवेगळी सरकली! वाहकांच्या, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष आलेल्यांच्या, रक्तात दोन्ही प्रकार एकत्र सापडले. नोव्हेंबर १९४९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निबंध आला. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत दाखवणारा तो पहिलाच. त्यावर पॉलिंग यांच्याबरोबर इटानो, सिंगर आणि आणखी एक सहकारी वेल्स या तिघांचीही नावे होती. मला हे फार मोलाचे वाटते, कारण प्रयोगशाळेत रात्री जागवणाऱ्याचे नाव निबंधावर येतेच असे नाही.

रेणूत नेमके काय बिघडते, हे केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम या दुसऱ्या तरुणाने शोधले: हिमोग्लोबिन ज्या अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनते, त्यांतल्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन.

इटानोने आणखी एक साधे काम केले होते. सोडियम डायथायोनाइटने ऑक्सिजन काढून घेतला की पेशी झटपट वाकतात, म्हणजे निदानही झटपट होते, हे त्याने पॉलिंग यांच्यासह १९४९ मध्येच मांडले. आज गडचिरोली-नंदुरबारच्या गावांत सिकलसेलसाठी जी सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणी करतात, तिच्यातही हेच रसायन असते. बोटातून काढलेले थेंबभर रक्त द्रावणात मिसळायचे, नळीमागे रेघा ओढलेला कागद धरायचा. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, की रक्त पुढच्या तपासणीला जाते, इलेक्ट्रोफोरेसिसला.