राखेत झोपवलेलं हेड

मे महिन्यात बडवाहहून भरलेला ट्रक भेरूघाट चढून इंदूरकडे येतो, तेव्हा इंजिनाचा खरा कस लागतो. पाणी कमी पडलं की काटा लाल खुणेपार जातो, आणि घाबरलेला ड्रायव्हर तापल्या इंजिनात गार पाणी ओततो. मग मिस्त्री एवढंच म्हणतो, "हेड चटक गया." हेड म्हणजे सिलिंडर हेड, इंजिनाचं वरचं झाकण; त्याला तडा गेला.

तडा बहुधा दोन व्हॉल्व्हच्या सीटमधल्या, म्हणजे झडपा जिथे टेकतात त्या कड्यांमधल्या, अरुंद पट्टीत जातो. ही पट्टी तापून फुगू पाहते, भोवतालचा थंड धातू तिला फुगू देत नाही, आणि ती जागच्या जागी दबते. निवताना तीच दबलेली पट्टी ताणली जाते नि फाटते.

तो तडा नुसता वेल्डिंगने भरला तर? अशी हेड बहुधा बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. बिडात साधारण ३ टक्के कार्बन असतो, बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांत. वेल्डिंगचा रस थंड हेडवर पडला की क्षणात गोठतो. कार्बनला ग्राफाइट व्हायला सवड मिळत नाही, तो लोखंडाशी बांधला जातो आणि काचेसारखा कडक, ठिसूळ थर बनतो. त्यावर ड्रिल नुसतं घसरतं, आणि शेजारीच नवा तडा जातो. म्हणून जाणता कारागीर आधी तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून त्याची धाव अडवतो, खाच करतो, अख्खं हेड भट्टीत ५००-६०० अंशांपर्यंत तापवतो. मऊ निकेलच्या रॉडने तडा भरला की हेड राखेत किंवा कोरड्या चुन्यात पुरून रात्रभर निवू देतो. या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही रात्र. खरी दुरुस्ती तिच्यातच होते.

ॲल्युमिनियमच्या हेडची अडचण वेगळी. धातू ६६० अंशांच्या आसपास वितळतो, पण त्यावरची ऑक्साइडची कातडी २००० अंशांनंतरही टिकते. टिग वेल्डिंगमधला (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आडोशात होणारं वेल्डिंग) उलटसुलट वाहणारा करंट ती कातडी फोडतो, आरगॉन वायू नवी बनू देत नाही.

नंतर फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. आधी तळावर सरळ मोजपट्टी आडवी ठेवून खालच्या फटीत फिलर गेज, म्हणजे मोजक्या जाडीची पातळ पाती, घालून पाहतात. मिलिमीटरच्या काही शतांशांचा बाकही गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनामधला सांधा बंद करणारा पातळ थर, जाळायला पुरतो. पण जास्त घासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, आणि कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, हेडमध्येच बसत असेल तर खालचा तळ सपाट करून त्याच्या बैठकांची वरची वाकलेली रांग सरळ होत नाही. ती वेगळी बोअर करावी लागते.

शेवटी पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. गरमच, कारण थंडपणी मिटून बसलेला तडा तापल्यावर तोंड उघडतो, आणि बुडबुडा वर येतो.