कारखान्याचा कचरा वस्तीजवळ टाकला जातोय? नागपूर जिल्ह्यातल्या रहिवाशांसाठी अर्जाची माहिती

बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर. औद्योगिक वसाहतीलगत राहणाऱ्यांना रात्रीचा टँकर काही नवा नाही. नाल्यात सोडतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी सह्यांचं निवेदन होतं, कार्यालयात फोटो निघतो आणि पोचपावती घ्यायची राहून जाते. पुढे सगळं अडतं ते तिथेच.

पहिला अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात द्या. त्यात जागेचा गट क्रमांक, तारीख, वेळ, गाडीचा नंबर लिहा. फोटो आणि ग्रामसभेचा ठराव असेल तर तोही जोडा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. पाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा, अशी लेखी मागणी करा. जलप्रदूषण कायदा 1974 नुसार अधिकाऱ्याने रीतसर सीलबंद केलेला नमुनाच पुरावा म्हणून टिकतो. विहिरीचं पाणी बाटलीत भरून खासगी लॅबमध्ये दिलं, तर त्याचा उपयोग अंदाजापुरताच.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांत. कारखान्याला मंडळाने दिलेलं संमतिपत्र, घातक कचऱ्याचा परवाना आणि मॅनिफेस्टच्या प्रती मागा. मॅनिफेस्ट म्हणजे कचरा कुठून निघाला, कोणत्या गाडीने, कुठे पोहोचला याची नोंद. 2016 च्या नियमांनुसार त्याशिवाय घातक कचरा बाहेर हलवता येत नाही, आणि आवारातही तो एरवी 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तुम्ही टिपलेला गाडीचा नंबर या कागदांत नसेल, तर तुमची बाजू भक्कम झाली. उत्तराची मुदत 30 दिवस.

तरीही टँकर थांबले नाहीत, तर पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्यातलं खंडपीठ आहे. रहिवाशांच्या समितीची नोंदणी लागत नाही. न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यात नोंदणी नसलेला व्यक्तिसमूहही अर्जदार होऊ शकतो. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क 1000 रुपये. वकिलाची सक्ती नाही, मात्र कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून मराठी कागदांचं भाषांतर जोडा. मुदत सांभाळा: वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून 6 महिने, सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस. भरपाईच्या अर्जाला 5 वर्षं मिळतात. ‘साहेब बघतो म्हणाले’ या भरवशावर बसलं की हे 6 महिने कधी सरतात ते कळतही नाही.

प्रकल्प अजून यायचाच असेल आणि त्याला जनसुनावणी लागत असेल, तर किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना येते. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी पाहायला मिळतो. सुनावणीला गणसंख्येची अट नसते. चार माणसं आली तरी ती पूर्ण धरली जाते, म्हणून बहिष्कार टाकणं मला तरी परवडणारं वाटत नाही. तोंडी बोलाच, पण हरकत लेखीही द्या. इतिवृत्त शेवटी तिथेच वाचून दाखवावं लागतं. आपला मुद्दा त्यात आला का, ते ऐकूनच निघा.